‘प्वेरा बुयाग’ म्हणजे शाप नव्हे, ताई

प्रश्न: भाऊ, नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. माझा मुलगा बोटीवर आहे, मर्चंट नेव्हीत. गेल्या महिन्यात त्यांची बोट बंदराला लागली तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला, मी नातवाला फोनसमोर धरलं, आठ महिन्यांचा आहे, चांगला गुटगुटीत. तेवढ्यात मागून मुलाचा एक दोस्त डोकावला, फिलिपिन्सचा, सेबू की काय तिथला. बाळाला बघून हसला आणि दोनदा मोठ्याने ‘प्वेरा बुयाग, प्वेरा बुयाग’ म्हणाला. आणि नेमका दुसऱ्या दिवशी बाळाला ताप. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘‘गो, तेना कायतरी मंत्र घातल्यान.’’ तेव्हापासून सूनबाई कॉलवर बाळ दाखवत नाही, आणि मुलगा तिकडे हिरमुसलाय. त्याला विचारलं तर म्हणतो आई ते चांगलंच असतं, पण नक्की काय ते त्याला धड सांगता येईना. तुम्ही बोटीवर होतात म्हणून विचारते, हे शब्द कसले आणि आले कुठून?

उत्तर: ताई, बाळ आता बरं असेल ना? एवढ्या लहान बाळाला ताप आला की आधी डॉक्टर, बाकी सगळं मागून, हे तुम्हाला सांगायची गरज नाही तरी लिहितोच.

आता त्या शब्दांचं. तो शाप नाही, मंत्र घालणं तर नाहीच नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं बाळाकडे बघून ‘दिष्ट नको गो लागाक’ म्हणतात ना, ते आणि हे एकच. त्याला तुमचा नातू आवडला, तोंडातून कौतुक निघणार होतं, आणि ते कौतुक बाळाला बाधू नये म्हणून त्याने आधीच बांध घातला. तुमच्याच बाळाच्या काळजीने बोलला तो, आणि कोण कुठला माणूस, दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावताना त्याला हे सुचलं, मला तरी याचं फार मोल वाटतं.

भाषा सेबुआनो. सेबू हे फिलिपिन्समधलं लांबुडकं बेट, तिथली ही भाषा, पण बोहोल, सिकिहोर, नेग्रोसची पूर्वेची बाजू, लेतेची पश्चिमेची बाजू आणि खाली मिंदानाओचा मोठा पट्टा एवढ्या सगळीकडे ती चालते, बोलणारे दोन कोटींच्या आसपास आहेत. ती माणसं स्वतः तिला बिसाया म्हणतात. मनिलाकडची टागालोग वेगळी, तिच्यात हेच ‘प्वेरा उसोग’ होतं.

दोन शब्दांपैकी ‘प्वेरा’ आला स्पॅनिशमधून, मूळ ‘फुएरा’, म्हणजे बाहेर, चल नीघ. आपण गाऱ्हाण्यात ‘इडापिडा असात ती दूर कर रे म्हाराजा’ म्हणतो आणि सगळी ‘व्हय म्हाराजा’ करतात, त्यातलं ते ‘दूर कर’ म्हणजे प्वेरा. आणि ‘बुयाग’ हा त्यांचा घरचा शब्द, स्पॅनिशचा त्याच्याशी संबंध नाही. बुयाग म्हणजे कुणी तारीफ केल्यामुळे लागलेली पीडा. बाळ गोड आहे म्हणालात, रात्री ते किरकिरायला लागलं, अंग गरम झालं, की म्हणायचं बुयाग लागलं. तारीफ करणारा वाईट मनाचा असायलाच हवा असंही नाही, मायेने बोललेलंही लागतं. काही माणसांचं बोलणं जरा जास्तच लागतं अशी समजूत आहे, त्यांना बुयागान म्हणतात, जसं आपल्याकडे एखाद्या बाईला काळजिभी म्हणतात आणि तिच्यासमोर शुभ गोष्टी बोलायच्या टाळतात. आणि फक्त माणसांचंच नाही, झाडापेडात, ओढ्याकाठी जे ‘राहतात’ त्यांचंही बुयाग लागतं. त्यांना सेबुआनोत नाव घेऊन हाक मारत नाहीत, ‘दिली इंगोन नातो’ म्हणतात, शब्दशः अर्थ ‘आपल्यासारखे नसलेले’. आपणही सापाला रात्री साप म्हणत नाही, जनावर म्हणतो, आणि देवचाराचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो, तसंच.

मला हा शब्द कसा कळला ते सांगतो. मी सतरा वर्षं इंजिन रूममध्ये होतो, मोटरमन. एका बोटीवर आमचा प्युरिफायर, म्हणजे तेल साफ करायचं मशीन, दर दोन दिवसांनी अडायचं आणि मग सगळ्यांच्या झोपेचं खोबरं. एका ट्रिपला मात्र तीन आठवडे सुरळीत चाललं. वॉच संपता संपता मी फिटरला सहज म्हटलं, या खेपेला प्युरिफायरने एकदाही त्रास दिला नाही बघ. तो बोहोलचा. हातातला कॉफीचा मग त्याने तसाच खाली ठेवला आणि घाईघाईने ‘प्वेरा बुयाग, प्वेरा बुयाग’. मला वाटलं शिवी दिली. संध्याकाळी मेसमध्ये कुकला विचारलं, तो सेबूचा, मी त्याला माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये आपली दृष्ट समजावून सांगितली, डोळ्याकडे बोट दाखवून, की आमच्याकडे असं बघितलं की लागते. त्याने मान हलवली, नाही नाही. मग जीभ बाहेर काढली आणि जिभेवर बोट ठेवलं. डोळा नाही, इथून.

ताई, मला वाटतं यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि तुमच्या घरातला घोळही इथेच झाला. आपली दृष्ट, नावातच बघा, बघण्यातून लागते. म्हणून आपले उपाय डोळा चुकवायचे, गालावर काजळाची तीट, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या, म्हणजे बघणाऱ्याची नजर पहिली तिथे अडकते. त्यांचं बुयाग बोलण्यातून लागतं, मग उपायही बोलण्यातच, आणि तो कोणी करायचा तर बोलणाऱ्यानेच, तिथल्या तिथे, तारीफ तोंडातून बाहेर पडायच्या आत नाहीतर तिच्या पाठोपाठ. आपल्याकडे पाहुणे येतात, बाळाचं कौतुक करून, चहा पिऊन जातात आणि ते गेले की मग आजी मीठ-मोहरी-मिरच्या आणि केरसुणीचे हीर घेऊन बसते. काम घरच्यांच्या अंगावर. त्यांच्याकडे ते पाहुण्याच्या अंगावर, तो मोकळ्या हाताने कौतुक करून निघून गेला तर लोक म्हणणार काय माणूस आहे, बुयागसुद्धा म्हणाला नाही. ‘‘प्वेरा बुयाग, तांबोक काआयो आंग बाता’’ असं पूर्ण वाक्य असतं, म्हणजे दृष्ट नको लागायला, काय गुटगुटीत बाळ आहे हो. तांबोक गुटगुटीत, काआयो खूप, बाता म्हणजे मूल. तुमच्या मुलाच्या दोस्ताने पुढचं वाक्य गिळलं आणि नुसता बांध तेवढा घातला, म्हणून तो मंत्रासारखा ऐकू आला. आणि पाहुण्याने स्वतःच म्हणायचं हे आपल्यात अगदीच नाही असंही नाही, जुन्या बायका बाळाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडतात आणि ‘माझीच लागायची मेली’ म्हणतात, ती पद्धत याच्या जवळची, पण हल्ली ती कमी दिसते आणि मला तिची आठवण येते.

बाळाच्या हातात लाल-काळ्या मण्यांचं कडं तिकडेही घालतात. आणि एक गोष्ट तर मी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. आपल्याकडे दृष्ट काढायला तुरटी वापरतात, बाळावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकली की ती फुगते, तिला वेडावाकडा आकार येतो आणि आजी त्यात बघून सांगते, बघ ह्यो डोळो. फिलिपिन्समध्ये तुरटीला तावास म्हणतात, आणि तिकडचे गावठी वैदू, सेबुआनोत त्यांना मानानाम्बाल म्हणतात, हेच करतात, तुरटी निखाऱ्यावर टाकायची नाहीतर मेणबत्तीचं मेण पाण्यात सोडायचं, आकार वाचायचा आणि कशामुळे बाधलं ते सांगायचं. या प्रकाराचं नावच तुरटीवरून पडलंय. मग झाडपाल्याची धुरी देतात, तिला पालिना म्हणतात. सेबूच्या दक्षिणेला सिकिहोर नावाचं लहानसं बेट आहे, ते या मानानाम्बाल लोकांसाठी सगळ्या देशात माहीत आहे. बोटीवर मी हे कुकला सांगितलं की आमची आजी पण तुरटी जाळते, तर तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला, त्या दिवसापासून मला भाताबरोबर सुकी मासळी जास्तीची मिळायला लागली. ते तिला बुलाद म्हणतात, आपल्या सुक्या बांगड्याला नाक मुरडणारी माणसं बोटीवर पुष्कळ होती, त्यात हा नव्हता.

आजकाल हा शब्द नुसत्या बाळांपुरता राहिलेला नाहीये. कोणी फोटो टाकला की खाली ‘बुयाग!’ एवढंच लिहितात. स्वतःबद्दल चांगलं बोलतानाही म्हणतात, प्वेरा बुयाग, या वर्षी अजून आजारी पडलो नाही. आमच्या फिटरने मशीनसाठी म्हटलं ते याच चालीवर.

तर सूनबाईंना हे वाचून दाखवा आणि पुढच्या कॉलला बाळ दाखवा. तो दोस्त परत दिसला तर त्याला ‘सलामात’ म्हणा, ‘दाघांग सलामात’ म्हटलं तर अजून बरं, म्हणजे खूप खूप आभार. हा शब्द अरबीतून मलायमार्गे तिकडे गेलाय, आपला सलामत त्याचाच भाऊ, त्यामुळे तुमच्या जिभेला जड जायचा नाही.

प्रश्न: काका, देवगडच्या ताईंना तुम्ही दिलेलं उत्तर छापायच्या आधीच व्हॉट्सॲपवर फिरत आमच्याकडे चिपळूणला आलं. मी कॉलेजला आहे. अर्धा शब्द स्पॅनिश आणि अर्धा गावचा, असा जोड कसा काय टिकला? विचित्र नाही वाटत का बोलायला?

उत्तर: बाळा, तू बटाटावडा म्हणताना तुला विचित्र वाटतं का? बटाटा पोर्तुगीजांचा, वडा आपला. पावभाजी तशीच, पाव त्यांचा, भाजी आपली. पगारवाढ, पगार त्यांचा आणि वाढ आपली. रोज तोंडात असलं की शिवण दिसत नाही.

सेबूचा इतिहास थोडक्यात सांगतो. मॅगेलन १५२१ च्या एप्रिलमध्ये सेबूला पोचला, स्पेनच्या राजाच्या वतीने, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला शेजारच्या माक्तान बेटावर लापुलापु नावाच्या सरदाराच्या माणसांनी त्याला उथळ पाण्यात मारलं. त्यानंतर १५६५ मध्ये लेगास्पी आला, त्याने सेबूतच स्पेनचं पहिलं ठाणं बसवलं, आणि मग १८९८ पर्यंत, म्हणजे ३३३ वर्षं, स्पॅनिश राज्य. एवढ्या वर्षांत घरातल्या भांड्याकुंड्यांपासून देवापर्यंत सगळीकडे त्यांचे शब्द घुसले. त्यांच्या भाषेत ‘फ’ मुळात नाही, म्हणून फुएराचं प्वेरा झालं, कॉफीचं कापे झालं, आणि फेलिपे राजाच्या नावाने ठेवलेल्या देशाला ते स्वतः पिलिपिनास म्हणतात.

आपल्यासाठी गंमत अशी की पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, एक आपल्या किनाऱ्यावर आली, दुसरी त्यांच्या. सेबूत पाण्याची बादली म्हणजे बाल्दे, आणि आपली बादलीसुद्धा पोर्तुगीज बाल्देचीच. किल्लीला ते यावे म्हणतात, स्पॅनिशवरून, आपण चावी म्हणतो पोर्तुगीजवरून, दोन्हींची आई एकच. बोटीवर पहिल्यांदा कोणी मला ‘बाल्दे’ दे म्हणाला तेव्हा मी न विचारता बादली उचलून दिली होती, आणि दोघांनाही कळलं नाही की आपण कुठली भाषा बोललो.

आणि तू चिपळूणचा म्हणून हे खास. वाशिष्ठी खाली जिथे समुद्राला मिळते ते दाभोळ १५०८ च्या अखेरीस अल्मेदाच्या पोर्तुगीज आरमाराने जाळलं, आणि पुढे जाऊन १५०९ च्या फेब्रुवारीत दीवची मोठी लढाई केली. मॅगेलन तेव्हा पोर्तुगालच्याच चाकरीत, अल्मेदाबरोबर १५०५ मध्ये हिंदुस्थानात आलेला, आणि दीवच्या लढाईत तो होता. बारा वर्षांनी तोच माणूस माक्तानच्या किनाऱ्यावर पडला. शाळेत आपल्याला मॅगेलन म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा एवढंच शिकवतात, आपल्या किनाऱ्याशी त्याचा संबंध कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हो, आणि सगळे शब्द काही पश्चिमेकडूनच गेले नाहीत. झाडाडोंगरात राहणाऱ्या देवतेला त्यांच्याकडे दिवाता म्हणतात. स्पॅनिश यायच्या कितीतरी आधी आपल्या बाजूने, मलाय व्यापाऱ्यांच्या तोंडून, देवता तिथे पोचली होती.

प्रश्न: साहेब, मी वेंगुर्ल्यात शाळेत शिकवतो. दृष्ट, बुयाग, तुरटी, हे सगळं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. यातून अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं असं नाही वाटत?

उत्तर: गुरुजी, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. तारीफ केल्याने ताप येतो असं मी मानत नाही. आमच्याच घरात एका चुलत बहिणीच्या मुलाला तीन दिवस दृष्ट काढत बसले, त्याला न्यूमोनिया होता, चौथ्या दिवशी तालुक्याला नेलं, वाचला, पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून वर पहिल्याच ओळीत डॉक्टर लिहिलाय. कुणी मानानाम्बाल असो की आपल्याकडचा भगत, आजारी पोराला दवाखान्यापासून अडवत असेल तर त्याची गय करू नये, त्यासाठी आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे.

पण शब्द आणि समजूत या दोन वस्तू आहेत गुरुजी. ग्रहण बघायला गच्चीवर जाणारा माणूससुद्धा ‘काय ग्रहण लागलंय या कामाला’ म्हणतो. प्वेरा बुयाग आज म्हणणारी कित्येक माणसं नर्स आहेत, इंजिनीअर आहेत, त्यांना जंतू काय ते पक्कं माहीत आहे. ते म्हणतात कारण दुसऱ्याच्या चांगल्या गोष्टीचं कौतुक करताना ‘मला हेवा नाही हो’ हे सांगायची त्यांच्याकडे ती रीत आहे. ही रीत देवगडच्या एका घरात गैरसमजाने शाप ठरली, बाप मुलाला बघू शकेना. ते सोडवायचं तर अर्थ नीट सांगायलाच हवा होता, नुसतं अंधश्रद्धा म्हणून हात झटकले असते तर काकींचा मंत्रच खरा ठरला असता.

प्रश्न: भाऊ, हर्णैहून लिहितोय, माझा भाचा पण फिलिपिनो क्रूबरोबर आहे, तो म्हणतो त्यांच्या म्हणी आपल्यासारख्याच असतात. अजून एखादी सांगा ना.

उत्तर: सांगतो, आणि ही ऐकून तुम्ही हसाल. ‘आंग गाबा मोआबोत, दिली मागसाबा.’ गाबा म्हणजे केलेल्या वाईटाचं फळ, विशेषतः आईबापाला छळलं, अन्नाची नासाडी केली, गरिबाला फसवलं की जे भोगावं लागतं ते. मोआबोत म्हणजे येणार, दिली म्हणजे नाही, साबा म्हणजे आवाज, गोंगाट. गाबा येते ती आवाज न करता. आपण काय म्हणतो? देवाच्या काठीला आवाज नसतो. काठी तेवढी आपली जास्तीची. मराठीत त्यांच्यासारखं यमक नाही, त्यांच्यात गाबा-साबा जुळतं म्हणून पोरांच्या तोंडात पटकन बसतं.

आणि एक छोटा शब्द भाच्याला विचारून बघा, ‘सिम्बाको’. चांगलं बोलल्यावर प्वेरा बुयाग, तसं कोणी अभद्र बोललं, वादळात बोट बुडाली तर वगैरे, की लगेच म्हणायचं सिम्बाको, म्हणजे तसं न होवो. आमच्या बोटीवर हवामानाचा रिपोर्ट वाचून दाखवला जायचा तेव्हा मेसमध्ये दोन-तीन कोपऱ्यांतून हा शब्द एकदम यायचा, आणि माझ्या शेजारी जयगडचा एक ऑइलर बसायचा, तो त्याच वेळी शर्टाच्या आत हात घालून गळ्यातला ताईत चाचपायचा.